पासंग

फागोजी दिघोरे लाखांदूरच्या धानबाजारात
एकतीस वर्षं मापारी होते.
हे त्यांनी मला नाव सांगायच्या आधी सांगितलं,
दंडाला रबर बांधून घेताना.

नस सापडत नव्हती. हात काडीचे,
पोट मात्र आठव्या महिन्याचं.
कुणी विचारायच्या आतच म्हणाले,
"मोहाची घेतली नाही बाई, कधीच नाही.
पन लिव्हर म्हटलं का लोक तोंड हुंगतात."

तीन महिन्यांची साखर: पाच पूर्णांक एक.
बॉण्डवर आलेल्या पोरसवदा डॉक्टरनं
कागदावर बरोबरची खूण केली.
गिरजाबाईंनी पदर डोळ्याला लावला
आणि उकडलेल्या शिंगाड्यांची पुडी
माझ्या टेबलावर ठेवली, नमुन्यांच्या नळ्यांशेजारी.

फागोजी उठले नाहीत.
"रातच्यानं चारदा उठतो.
जिथं बसतो तिथं सकारी मुंगळे जमतात.
त्याईले कोनं सांगतलं मंग?"
मी हसले. हसू अर्ध्यात राहिलं.
"काट्याचं पासंग पाह्यलं का बाई?"

हा शब्द मी किराण्याच्या दुकानात ऐकला होता.
लॅबमध्ये कधी नाही.

कागद पुन्हा वाचला, या वेळी वरपासून.
हिमोग्लोबिन आठ. प्लेटलेट सत्तर हजार.
सोनोग्राफीत पाणथरी बेंबीपर्यंत उतरलेली.
तांबडी पेशी चारेक महिने जगते,
फिरता फिरता अंगाला साखर माखून घेते,
तीच आमची तीन महिन्यांची वही.
यांच्या पेशी पाणथरीत वेळेआधीच मोडतात,
नव्या येतात त्या कोवळ्या,
त्यांना गोड व्हायला सवडच नाही.
मशीन खोटं बोललं नव्हतं.
त्यानं साक्षीदार विचारले,
आणि साक्षीदार सगळे कालपरवाचे.

भंडाऱ्याला फोन लावला.
तिकडून म्हणाले, दुसरी चाचणी आहे,
अल्ब्युमिनला चिकटलेली साखर मोजायची.
पण अल्ब्युमिन घडवतं लिव्हरच,
आणि यांचं दोन पूर्णांक चार.
एका काट्याची खात्री
दुसऱ्या वाकड्या काट्याकडून करायची?

"जेवून किती झालं?"
"दोन घंटे. भात, लाखोरीचं वरण."
मी ग्लुकोमीटर काढलं, कापसानं बोट पुसलं.
त्यांनी हात मागे घेतला.
"पयले तुमचं."
"माझं कशाला?"
"काटा तपासाचा त मालूम असलेलं वजन ठेवा लागते."
मी सुई माझ्याच बोटात टोचली.
एकशे चार.
"चाललं," म्हणाले, आणि बोट पुढे केलं.

दोनशे शहाऐंशी.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी अडुसष्ट.
लिव्हर म्हणजे अंगाची कोठी,
रात्रभर तिनं पसा पसा काढून द्यायचा.
कोठीच पोखरलेली, सकाळी तळ लागतो.
दुपारी ताट आलं की साठवायला जागा नाही,
सगळं धान्य रस्त्यावर.
डॉक्टरनं खूण खोडली. खोडताना त्याचे कान लाल झाले.
मी पाच पूर्णांक एकखाली पेनानं लिहिलं:
हा आकडा एकटा धरू नये.
छापील कागदात त्यासाठी रकाना नव्हता,
समासात लिहिलं.

पंधरा दिवसांनी फागोजी वही घेऊन आले,
लाल कापडी पुठ्ठ्याची, बाजार समितीतली उरलेली.
पोत्यांच्या रकान्यात साखर.
पहिल्या ओळीत एकचा आकडा नाही.
मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत,
तिथं लिहिलं होतं: लाभ. दोनशे शहाऐंशी.

तिसऱ्या पानावर अक्षर बदललं.
गिरजाबाईंचं, वर्ग चौथीचं, मोठं मोठं.
रात्री तीन. घाम. हाक मारली तर ओ देईना.
बावन्न. गूळ दिला.

किती दिला, ते मापून लिहिलं नव्हतं.