शेऱ्याचा रकाना

बडोद्याला, कोठीमागच्या आमच्या दफ्तरात
पंखा लावायचा नाही, हा पहिला नियम. कागद उडतात.
म्हणून मे महिन्यातही आम्ही दोघं
घामेजलेलं बोट पुसून पान उलटतो,
मी पदराला, जशुभाई खिशातल्या रुमालाला.
दफ्तरातल्या रुमालाला पुसायचं नाही, हा दुसरा.

लाल खारव्याची गाठ सोडली
की आधी वेखंड येतं नाकात, मग उंदरांच्या लेंड्या, मग सन.
तो फसली की सुहूर, यात डबा खायचा राहतो.
जशुभाईंना मोडी येत नाही,
पण वळणं ओळखतात, गल्लीतली माणसं चालीवरून ओळखावीत तशी:
"बेन, आ तो पेलो ज कारकुन!"

रुमाल एकेचाळीस, कागद एकशे बारा.
राणू बिन येसू, दिवट्या, निसबत मशालखाना.
धुरेंकरून दोही डोळां दिसत नाहीं.
लेक सटवा हातास आला आहे, त्याचे नावें दिवटी चालावी.
बहुत काय लिहिणें.
पाठीवर दुसऱ्या शाईत: चौकशी करून कळवावे.

कुणी कळवलं नाही.
बेचाळीस सोडला, त्रेचाळीस.
चव्वेचाळिसात नुसता हत्तींच्या गुळाचा हिशोब.
पंचेचाळीस कसरीनं खाल्लेला,
खिडकीशी धरला तर अक्षरांपेक्षा ऊनच जास्त.

विषयाच्या रकान्यात चाळीस अक्षरं मावतात.
मी लिहिलं, नोकरीबाबत. पेन्सिलीनं.

श्रावण संपता संपता
जशुभाई शिडीवरून सत्तेचाळीस घेऊन उतरले.
मशालखान्याची हजेरी, पुढली सहा सालं.
सटवाचं नाव कुठेच नाही.
राणू बिन येसू, हजर.
राणू बिन येसू, हजर.
दसऱ्याच्या स्वारीला हजर. अवसेला हजर.
तेल अच्छेर, चिंध्या, काठी एक.
पाचव्या सालात एकदाच: पाय घसरला, निम्मा रोज वजा.

म्हणजे सहा वर्षं
ज्याला दिसत नव्हतं तो पुढे चालला
आणि दिसणारे सगळे त्याच्या उजेडात, मागून.
दिवटी पेटलेली आहे
हे त्याला गालावरच्या आचेनं कळत असणार.

जशुभाई म्हणाले, "बधे हाजर?"
मी म्हटलं, सगळीकडे.
मग ते चहा सांगायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

अनुक्रमांक, सन, कोणाकडून, कोणास, विषय, शेरा.
नमुना वरून आलेला आहे.
शेऱ्यात आपलं मत लिहायचं नाही, हा शेवटचा नियम.

मत नाही लिहिलं.
शाईनं एवढंच:
पाहा, रुमाल सत्तेचाळीस.

गाठ जशुभाईंनी मारली.
माझी सैल पडते.