दोन टक्के

एकेचाळीसाव्या वर्षी हनुवटीवर उगवला.
याला तारुण्यपीटिका कोणी म्हटलं?
माझं तारुण्य केव्हाच शेवटच्या थांब्यावर उतरून गेलं,
छत्री तेवढी सीटवर विसरून.

बावूतीच्या कोपऱ्यावर औषधांचं दुकान.
चंदेरी झाकणांच्या बरण्या उजेडात बसलेल्या,
एकेकीची किंमत माझ्या एका शिफ्टएवढी.
मी बोट दाखवलं खालच्या फळीकडे:
तपकिरी काच, लेबल वाकडं चिकटवलेलं,
सॅलिसिलिक स्पिरिट, दोन टक्के,
सहा झ्वोटी.
"मुलीसाठी का?" येद्विगाबाईंनी विचारलं.
मी म्हटलं, हो.
कालिना, माफ कर.
तुझी कातडी तर सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी.

रात्री एकदा, त्या म्हणाल्या, फक्त त्या जागेवर,
खसखशीएवढा थेंब.

सोमवारी डेपोत फोटो होता, नव्या ओळखपत्राचा.
म्हणून रविवारी मी तीनदा लावलं,
आणि झोपण्याआधी आणखी एकदा,
आई सूपमध्ये मीठ घालायची तसं, न मोजता.
वासासरशी मी सात वर्षांची झाले:
गुडघा फुटलेला, वडील कापूस बुडवताहेत,
म्हणताहेत, चुरचुरतंय म्हणजे लागू पडतंय.
हे ते पुष्कळ गोष्टींबद्दल म्हणायचे.
सगळ्याच लागू पडल्या नाहीत.

सकाळी मुरूम तिथेच, शाबूत.
भोवती नाण्याएवढं लाल,
कडेला पापुद्रे, जुन्या डब्याच्या रंगासारखे सुटलेले.
फोटोवाला म्हणाला, हनुवटी वर.
मी म्हटलं, खाली चालणार नाही का?
पाच वर्षं आता तो चेहरा माझ्या गळ्यात लटकणार.

ट्रॅमला आरसे पाच, सगळे दारांकडे बघणारे.
त्या आठवड्यात त्याबद्दल मी फार आभारी होते.

शहर संपतं तिथे माझी गाडी वळते.
वळणावर नाल्याकाठी वाळुंजांची रांग,
डोकी छाटलेली, बुंधे मुठींसारखे,
आणि मुठींतून सरळ वर निघालेल्या कोवळ्या काड्या.
हे आम्ल मुळात याच झाडाच्या सालीतून गवसलं,
येद्विगाबाई पैसे मोजता मोजता म्हणाल्या होत्या.
आता कारखान्यात होतं. झाड आपलं उभं आहे.
सहा मिनिटांची विश्रांती. मी खाली उतरले,
सालीला नख लावलं, जिभेवर ठेवून पाहिलं.
कडू.
बघायला कुणी नव्हतं. एक कुत्रा होता,
तोही पाठमोरा.

मग आठ दिवस काहीच लावलं नाही, नुसतं साधं मलम.
नवव्या रात्री बाटली काढली,
तर पातळी मी ठेवली होती त्याहून खाली.
कालिनाच्या खोलीत उजेड.
कपाळावरची केसांची झालर क्लिपने वर,
आणि उकडलेल्या अंड्यावर
तीन.

"किती वेळा लावतेस?" मी ओरडलेच.
"एकदा. खसखशीएवढं.
तूच फोनवर मावशीला सांगत होतीस, आई.
रडत होतीस आणि हसतही होतीस."

तिने कापसाची काडी बुडवली,
माझी हनुवटी दोन बोटांत धरून दिव्याकडे वळवली,
मी तिचं नाक पुसायला वळवायचे तशी,
थोडी जास्तच जोरात.
आधी गार. मग चुरचुर.
फुंकर मारू नकोस, मी म्हटलं.
तिने मारली.

मुरूम गुरुवारी गेला,
की शुक्रवारी; लक्षातच आलं नाही.
आता एक कानाजवळ हुळहुळतोय.
बाटली अजून अर्धी आहे.