चष्मा घरी राहिला

सीपीआरच्या दारात केसपेपरची रांग.
नंदू माझ्या पदराच्या टोकाला गाठी मारत होती.
नाव आम्हीच ठेवलं, राजनंदिनी.
रा येतो, ज येतो,
मग नं कुठेतरी घसरतो
आणि तिसरीतली पोर स्वतःच्याच नावात
अर्ध्या वाटेवर उभी राहते.

तसं तिला सगळं कळतं.
केएमटीची पाटी वाचत नाही, बस ओळखते:
डाव्या दिव्याला चेपलेली ती उद्यमनगरची,
तपकिरी मफलरवाला कंडक्टर असला की गंगावेश.
गल्लीतल्या बावीस घरांचा दुधाचा रतीब
तिला तोंडपाठ, उधारीसकट.
शाळेतल्या बाई म्हणाल्या, आळशी आहे.
सासूबाई म्हणाल्या, ग्रहणात तू विळीवर बसलेलीस.
मी कुणाला काही म्हणाले नाही.
सातव्या महिन्यातला तो ताप.
जिन्यावरून घसरले ते.
की मोबाईल दिला म्हणून?
रात्री कारणं मोजायची,
निवडून टाकलेले खडे पुन्हा मोजावेत तशी.

तीन बुधवार तपासणी.
ठोकळे, चित्रं, उलटे आकडे.
‘कमळ’मधला क काढला तर काय उरलं?
नंदूने विचार केला.
तळं, म्हणाली.
डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. लिहून घेतलं.

मग कागद. तीव्रता: मध्यम.
मध्यम म्हणजे किती हो?
आमच्यात मध्यम म्हणजे एक पळी चटणी,
पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी येतं तेवढी.
त्या म्हणाल्या, तसंच समजा.
काहींचं नुसतं शुद्धलेखन अडतं,
पेपरला थोडा वेळ जास्त दिला की निभतं.
काहींना प्रत्येक अक्षर रोज नवा माणूस,
जन्मभर कुणीतरी वाचून दाखवावं लागतं.
हिला शिकवणारं हवं, एकेक आवाज हातात देऊन,
न कंटाळता.
बुद्धी शाबूत आहे, डोळे चांगले आहेत,
आवाजापासून अक्षरापर्यंतचा रस्ता
हिच्या मेंदूत जरा लांबून जातो.
ग्रहण नाही, मोबाईल नाही, तुम्ही नाही.

मी रडणार तेवढ्यात त्यांनी विचारलं,
घरात आणखी कुणाला? बऱ्याचदा रक्तातून येतं.

मी नाही म्हणाले.
अण्णासोंनी टेबलावरचा फॉर्म माझ्याकडे सरकवला,
खिसा चाचपला.
तूच भर. चष्मा घरी राहिला.

चौदा वर्षं.
मेसेज कधी नाही, कायम आवाज पाठवायचे,
‘येताना कोथिंबीर आणू काय?’
लेथवर ज्या हाताचा केसभर फरक पडत नाही
त्या हाताने बँकेत घाईघाईने
तीच ती तीन अक्षरं.
आणि चष्मा,
मला आठवेना मी तो कधी पाहिला.
आमच्या घरात चष्मा नव्हताच.

रिक्षात बोलले, रस्त्याकडे बघत.
‘चौथीत गुरुजींनी उभं केलं. धडा वाच म्हणाले.
अक्षरं हालाय लागली. वर्ग हसाय लागला.
दुसऱ्या दिवशी आबांच्या संगं फौंड्रीत गेलो.’
नंदू त्यांच्याकडे वळली,
‘पप्पा, तुमची पण हलत्यात?’

त्या रात्री मी कागद पुन्हा उघडला.
रक्तातून.
माझ्या रक्तातून नाही,
असं मनात आलं, सुटल्यासारखं वाटलं,
आणि शेजारी झोपलेल्या माणसाकडे
मला बघवेना.

रविवारी त्यांनी फौंड्रीतली वाळू आणली,
साच्याची, काळी, दाबाल तो आकार धरून ठेवणारी.
माझ्या भाकरीच्या परातीत ओतली.
नंदूने बोट फिरवलं, मोठ्याने म्हणाली, न.
मग परात त्यांच्याकडे ढकलली. आता तुम्ही.
त्यांनी आधी दाराकडे पाहिलं,
कुणी येतंय का,
मग बोट टेकवलं.

परात अजून परत मिळाली नाही.
दोन महिने झाले,
भाकरी मी स्टीलच्या ताटात थापते.