परतीची तारीख

फेब्रुवारीत आम्ही पुस्तकं काढून टाकतो.
बेटावरचं वाचनालय लहान, छत गळकं,
नव्या फळ्यांना पैसे नाहीत;
तेव्हा दहा वर्षांत जे कुणी नेलं नाही
त्याच्यावर जांभळा शिक्का : रद्द.
शिक्का माझ्याकडे असतो.
सालमेला ते काम जमत नाही,
ती मारायच्या आधी वाचत बसते.

तळाच्या फळीवर, ट्रॅक्टर-दुरुस्तीच्या मागे
हे सापडलं. हातमोज्यांचे नमुने,
टार्टूची छपाई, कणा कधीतरी
मासेमारीच्या दोऱ्याने शिवलेला.
संगणकाला विचारलं.
तो म्हणाला, असं पुस्तकच नाही.

पानोपानी आखलेल्या चौकटी,
काळं घर, पांढरं घर, पांढरं घर, काळं.
आठ टोकांची चांदणी. मेंढ्याचं शिंग.
पान एकेचाळीसवर एक गाव :
मनगटाभोवती फिरणारी घरांची रांग,
धुराड्यांसकट.
मी मोजली. नऊ.
समासात पेन्सिलीने, बारीक पण दाबून :
सात.

छपाई चुकली असेल म्हणून पुन्हा मोजली.
बाकी कशातही चुकेन, टाक्यांत नाही,
आईने उसवायला लावून लावून शिकवलंय.
नऊच होती.

मागच्या खिशात कार्ड.
लीने रूस, दोनदा.
पाद्रीणबाई, नुसतंच, नावाची गरज नसल्यासारखं.
मग हिल्या पाइस्त. नेलं : ११ मार्च १९४९.
परत केलं : ३ सप्टेंबर १९५७.
दंडाच्या रकान्यात कुणीतरी
आकडा लिहायला घेतलेला,
एक उभी रेघ,
पुढे काही नाही.

त्या मार्चचं आम्ही ऐकलेलं असतं.
रात्री ट्रक आले, आवरायला तासभर दिला,
आणि माणसं काय वाट्टेल ते घेऊन गेली :
पीठ, भिंतीवरचं घड्याळ,
शिवणयंत्राचं नुसतं डोकं.
वाचनालयाचं पुस्तक कुणी नेल्याचं
मला कुणीच सांगितलं नव्हतं.

पान तेविसावर कपाचं वर्तुळ.
पान तीसच्या घडीत गोणपाटाचा दोरा,
त्याची विणलेली अर्धी चांदणी,
नखाएवढी, राठ.
तिकडे लोकर नसणार.
किंवा असेल, तिच्यासाठी नसेल.

आणि मुदत उलटून आठ वर्षांनी
ती बाई बोटीतून उतरून
आधी घरी गेली असेल की इथे?
घर होतं का?
काउंटरवर पुस्तक ठेवताना
उशीर झाला, म्हणाली असेल का?

"मारलास का शिक्का?" आतून सालमे.
"शाई वाळलीय," मी म्हटलं.
शाई ओली होती. माझ्या अंगठ्यावर होती.

कार्डावर हिल्याच्या खाली
मी माझं नाव लिहिलं, आजची तारीख,
आणि चारच्या फेरीबोटीने
पुस्तक कोटाच्या आत धरून घरी आले.

रात्री राखाडी लोकर काढली, आणि तांबडी.
मनगटापासून सुरुवात.
पहिलं घर, धुराडं. दुसरं. तिसऱ्याला
एक टाका सुटला, उसवलं, पुन्हा घातलं.
बाहेर खाडीवर बर्फ तडकत होता,
माणसं बोलल्यासारखा.
सातवं घर पुरं झालं.

आठव्याचा पाया घालायला
चार तांबडे टाके लागतात.
सुया तशाच हातात.
लोकर अजून बरीच आहे.