काट्याचं नाव

रात्री लिनक्सची नवी आवृत्ती चढवली
आणि सकाळी लातूरच्या मोंढ्यात
काटा दिसंना.

बाहेर तुरीच्या गाड्या. सादिकभाई जाळीतून:
"कामून थांबलंय, बाई?"
काट्याचा स्वतःचा लाल आकडा
बावन्न किलो तीनशे सांगतोय,
पडद्यावर मात्र: उपकरण सापडले नाही.

वायर काढली, फुंकली, परत खोचली.
मग काळ्या खिडकीत कर्नलची बडबड
ओळ ओळ वाचत खाली आले.
तो होता तिथं.
सात वाजून चार मिनिटांनी
आपण आल्याचं त्यानं सांगितलंही होतं.
फक्त काल यूएसबी-शून्य होता,
आज यूएसबी-एक.
पावतीचा प्रोग्राम
जुन्याच नावानं हाका मारत बसलेला.

ताटातल्या तांदळात अंगठीनं
माझंही नाव असंच बदललेलं.
पहिला महिना सासूबाई "रेवती, रेवती" करायच्या,
मी भाकरी थापत राहायचे.
सून बहिरी केली का काय, म्हणाले लोक.

वायरीच्या अनुक्रमांकावरून एक नियम लिहिला:
शून्य मिळो, एक मिळो,
हा काटा म्हणजे काटा.
पावती निघाली. सादिकभाईंनी दुसरं पोतं टाकलं.

मला शकू म्हणणारं
सेलूत एकच माणूस उरलंय.
त्याला ऐकू कमी येतं.