किलोमीटरमागे अकरा

पहाटे पाचला स. प.च्या मैदानावर
छातीला लावायचा कागद मिळतो, सोबत चार सेफ्टी पिना.
"मी सायकल चालवतेय ______ साठी."

सगळे भराभर लिहितात.
आई. पपा. इंदूमावशी. आमचा बंटी.
एकाने नुसतंच 'ती'.
मार्कर माझ्याकडे येतो. मी टोपण काढते,
पुन्हा लावते.

मला नावं माहीत नसतात.
एकोणीस वर्षं तळघरातल्या लॅबमध्ये
मी मेणाच्या ठोकळ्यांतून माणसं कापते,
तीन मायक्रॉन,
कांद्याचा पापुद्रासुद्धा त्याच्यापुढे गोधडी.
काप कोमट पाण्यावर सोडते, काचेवर उचलते,
आधी जांभळ्यात बुडवते, मग गुलाबीत.
वर डॉक्टर भिंगातून बघतात,
आणि कुणाच्या तरी घरातला फोन वाजतो.
माझ्याकडे फक्त आकडे.

मी लिहिते : ४१७/ब.

कणीएवढे चार तुकडे आले होते त्या डबीत.
झाकणावर नर्सचं अक्षर, तारीख,
आणि कडेला कुणीतरी नखाने नीट दाबून चिकटवलेलं
मांजराचं स्टिकर.
डबी धुताना ते मी काढलं नाही.

वर्गणी मागायला गेले तेव्हा
तिसऱ्या मजल्यावरच्या खांबेट्यांनी
जाळीच्या दारातूनच विचारलं होतं,
"तुम्ही पायडल मारायचं आणि रोग जायचा,
हे जरा कागदावर मांडून द्या."
मी म्हटलं, किलोमीटरमागे पैसे, आणि पैसे संशोधनाला.
"आणि न चालवताच दिले तर?"
ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
आजही नाहीये.
"लिहा, किलोमीटरमागे अकरा.
आकडा दाखवल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत."

सायकल भाच्याची. एकवीस गिअर, मला जमतात दोन.
नाना पेठेतल्या मुनाफभाईंनी सीट वर चढवली :
"ताई, पाय पुरता सुटू दे, नाहीतर गुडघे शिव्या देतील."
स्वारगेटपर्यंत उतारच होता की काय, कळलंच नाही.
बालाजीनगरला एका बसने अंगावर धूर सोडला.
कात्रज डेअरीपाशी दुधाचा वास,
आणि मग जुना घाट,
जिथे गुडघ्यांनी खरंच शिव्या दिल्या.

तिसऱ्या वळणावर मी उतरून सायकल ढकलत होते.
शेजारी आणखी एक जण ढकलत होता, हेल्मेट हँडलला अडकवलेलं.
"तुमचा नंबर चारशे सतरा? माझा तर साठच्या आतला."
"माझा नाही तो."
"मग कुणाचा?"
"माहीत नाही."
"बरा झाला का?"
"ते आम्हाला कळत नाही. तशी पद्धत नाही."
तो थोडा वेळ काहीच बोलला नाही.
मग त्याने खिशातून चिक्की काढली,
मोडली, मोठा तुकडा मला दिला.
बोगद्यात आम्ही दोघं पुन्हा चढलो.
आत गार होतं, आणि पुढच्या कुणीतरी
उगाचच घंटी वाजवली,
मग सगळ्यांनीच.

परत आले. अठ्ठावीस किलोमीटर.
खांबेट्यांनी मोबाइलवरचा आकडा चष्मा वर करून पाहिला,
तोंडी गुणाकार केला : "तीनशे आठ."
आणि जाळीच्या फटीतून पाकीट सरकवलं.
जिन्यात उघडलं तर पाच हजार,
आणि कॅलेंडरच्या पाठकोऱ्या तुकड्यावर :
'पावती नको.'
माझा जन्म पुण्यात गेला.
पावती नको म्हणणारा माणूस
मी पहिल्यांदा बघत होते.
वर जाऊन बेल वाजवावी असं वाटलं.
नाही वाजवली.

सोमवारी तळहात बधिर, बोटांत हँडलची थरथर.
ट्रेमध्ये बर्फावर बावीस ठोकळे.
पहिला काप सुरकुतला.
टाकला.
पातं बदललं, श्वास धरला,
दुसरा पाण्यावर अलगद उतरला
आणि पसरत गेला.