लवंग टोचलेली

आईच्या अक्षरात कृती आहे,
कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूला:
मैदा तीन वाट्या, लोणी दीड,
सुंठ, दालचिनी, जायफळ ‘अंदाजे’.
मध लिहून खोडलाय. वर लिहिलंय काकवी.
अंडं एक.
मग एक रेघ, आणि रेघेखाली दुसरा हिशेब:
अंडं नाही, दोन चमचे दही,
समासात एवढंच: मुनोत.

खालच्या मजल्यावरच्या मुनोतभाभींना
मध चालत नाही. ओलं आलं नाही, सुंठ चालते.
हे आईनं विचारलं होतं ब्याऐंशी साली, जिन्यात,
हातात रॉकेलचा डबा घेऊन,
आणि त्यानंतर त्यांना कधी सांगावं लागलं नाही.

त्यांचं पीठ वेगळ्या परातीत. पळी वेगळी.
ट्रे त्यांचा आधी,
आणि प्रत्येक बिस्किटाच्या मधोमध एक लवंग.
लवंग दिसली की समजायचं.

दिवाळीचा त्यांचा डबा अजून माझ्या ओट्यावर आहे,
झाकणावर कोरलेलं: कांचनबाई र. मुनोत.
शेव संपली, चिरोटे संपले,
पण असा डबा रिकामा परत करत नाहीत,
म्हणून तो दीड महिना नाताळची वाट बघत बसतो.

ओव्हन तोच, अ‍ॅल्युमिनियमचा, गोल,
झाकणाला काचेची खिडकी, मूठ सैल,
पकडायला जुना टॉवेल.
घोरपडीच्या फाटकाशी मालगाडी खोळंबली होती,
बोहरी आळीतून आणलेली दालचिनी
खलबत्त्यात अजून पुरती मोडली नव्हती,
आणि चिंचवडहून आलेला माझा भाचा योएल
वाटीनं चांदण्या कापू बघत होता.
(वाटीनं चांदणी होत नाही. चंद्र होतात.)

खिडकीतल्या कागदी ताऱ्याचा बल्ब गेला
म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले.
दहा मिनिटं. फार तर बारा.

परत आले तर दोन्ही ट्रे थंड होऊन एकाच ताटात,
आणि ताटभर लवंगा.
‘मावशी, बघ, सगळ्यांना नाक आलं!’

भाऊ म्हणाला, कुणाला कळणार आहे?
खरं होतं. मलाच कळेना.
मोडून पाहिलं, हुंगून पाहिलं,
काकवीनं सगळी एकाच रंगाची झालेली.
योएलनं हळूच एका चंद्राचं नाक काढलं
आणि माझ्याकडे बघून परत बसवलं.

पावणेअकराला परात पुन्हा घासली.
लोणी उरलं होतं मूठभर,
काकवी बाटलीच्या तळाला,
बाटली उलटी धरून किती वेळ उभी होते कोण जाणे.
लवंगा ताटातल्या घ्यायच्या नव्हत्या.
मसाल्याच्या डब्यात, तमालपत्राखाली,
सापडल्या नऊ.
एकीचं डोकं गळलेलं. तीही घेतली.

तेव्हा बिस्किटं नऊच.
साडेबारापर्यंत ओव्हनच्या खिडकीशी बसले.
खालचा दिवा कधीच विझला होता.
सूर्य मावळल्यावर भाभी पाणीसुद्धा घेत नाहीत,
पण वास काही कुणाला विचारून जिना उतरत नाही.

सकाळी चर्चहून आले ती पांढऱ्या साडीतच
बेल वाजवली.
भाभींनी झाकण उघडलं, आत पाहिलं.
अर्ध्याहून जास्त डबा मोकळा.
‘नऊच?’
‘नऊच.’
पुढे काही विचारलं नाही.

एक उचललं,
लवंग नखानं उपटली, दाढेखाली धरली.
परवापासून ठणकतेय, म्हणाल्या.
ते नकटं बिस्कीट चहाच्या बशीत ठेवलं,
आत जाता जाता वळल्या:
‘डबा आत्ता नेतेस,
की संक्रांतीला पाठवू?’